दीड पानाची बाई

अण्णांच्या कादंबरीला बोंबलाचे हात लावायचे नाहीत, हा आमच्या घरातला सर्वांत कडक नियम होता. चौलच्या आमच्या बुद्धवाडीत तेव्हा बहुतेक घरांत पुस्तक म्हणजे शाळेचं, आणि तेही वर्ष संपलं की शेजारच्या घरी जाणारं. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्या लाकडी पेटीत पतंगाच्या पिवळ्या कागदाचं कव्हर घातलेली एक जाडजूड कादंबरी होती, आणि ती आमच्या घरातून कुठंच जात नसे. दिवेलागण झाली, आईनं तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेतल्या, की अण्णा ओटीवर बसून ती मोठ्यानं वाचत. आत भाकरीची थपथप चाललेली, पलीकडच्या सुपारीच्या वाडीत रहाट कुरकुरत असे, आणि मी हात धुऊन, आईच्या पदराला पुसून, अण्णांच्या गुडघ्याला टेकून बसलेली. जेवण होईपर्यंत एक प्रकरण व्हायचं. पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून. आज माझ्याकडे चार कपाटं भरून पुस्तकं आहेत, पण एवढं कुठलंच पुस्तक मी ऐकलेलं नाही.

कादंबरी जुनी होती, नावाजलेली होती, आणि आमच्याच किनाऱ्यावर घडत होती. वाडीवाल्यांच्या घरातली जयवंती नावाची सून, तिचा नवरा गलबतावर गेलेला. तो परत येत नाही, आणि ती अठरा वर्षं त्या घरात त्याची वाट बघते. सासरा, दीर, इस्टेटीची भांडणं, सगळं तिच्या अवतीभवती. मी बारा-तेरा वर्षांची असताना मनातल्या मनात जयवंती झाले होते. मातीच्या घरात राहून मी सागवानी जिन्यावरून उतरत असे. आठवीत गेल्यावर पहिल्यांदा ते पुस्तक मी स्वतः डोळ्यांनी वाचलं, तेव्हा मला मधे दीड पान असं सापडलं, जे अण्णांनी कधी वाचलंच नव्हतं. त्यात गवताचा भारा घेऊन एक बाई मागच्या अंगणात येते. कोणी भारा उतरवून घेईना म्हणून उभी राहते. मग जयवंती तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतते, ती पिते आणि निघून जाते. तिला नाव नाही. पुढं ती कुठंच येत नाही. मी अण्णांना विचारलं, हे पान राहिलं का? ते म्हणाले, "मला ते वाचायला जमत नाही," आणि चष्मा पुसायला लागले. आईनं मला मागं नेऊन सांगितलं, "तुजी आजी त्या वाड्यांनी गवत टाकायची. तशीच पानी प्यायची. अन्ना बरोबर असायचे, लहान. परत इचारू नको." आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि ते काम सोडलं ते त्यानंतर. मी परत विचारलं नाही. खरं सांगायचं तर ती बाई मीही विसरून गेले. मला जयवंती व्हायचं होतं.

मग दादाचं लग्न झालं आणि शालनवहिनी आली. आगरदांड्याकडची, माझ्याच वयाची, अंगानं उंच, बोलायला कमी. दादा पनवेलला नोकरीला, फक्त शनिवारी यायचा, त्यामुळे वहिनी आठवडाभर आमच्यातच. ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि त्यातलंही निम्मं विसरली होती. अण्णांनी तिला दुसऱ्याच आठवड्यात पाटी दिली. मला वाटलं, चार दिवसांचा उत्साह असेल. पण संध्याकाळी ओटीवर आता वहिनी बसायला लागली, आणि वाचायचे अण्णा नव्हे तर ती. एकेक अक्षर लावत, जोडाक्षराशी अडखळत. अण्णा तिला म्हणायचे, "घाई नाही. पण मधलं सोडून पुढं जायचं नाही." एका पानाला अर्धा तास. मी आत आईला भाकऱ्या करू लागत असे आणि तो अडखळता आवाज ऐकून माझ्या हातातला गोळा चिरडून जाई. एखाद्या शब्दाला अण्णा "शाब्बास" म्हणत. मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, तालुक्यात दुसरी आले तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते. वहिनीला ते रोज मिळत होतं.

वहिनी वाईट नव्हती, हे तेव्हाही मला कळत होतं. माझी साडी धुतली तर माझ्याआधी घडी घालून ठेवायची. आईसमोर मला ताई म्हणायची, कोणी नसलं की सुमन. त्यामुळं तिचा राग करायला मला कारणच मिळत नसे, आणि कारण नसलेला राग फार दमवतो.

मी अलिबागला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते तेव्हा श्रीधर आले. तिशीचा माणूस, दाढी, खांद्याला झोळी, बोलता बोलता मधेच गप्प होणारा. त्यांना त्या कादंबरीवर सिनेमा करायचा होता. गाण्यांचा सिनेमा नव्हे, म्हणाले, वेगळ्या तऱ्हेचा. कोणीतरी त्यांना सांगितलं की बुद्धवाडीतल्या मास्तरांना ती कादंबरी तोंडपाठ आहे. ते ओटीवर बसले. मी चहा नेला आणि अण्णा एक वाक्य आठवत होते ते मी पुरं केलं. मग पुढचं. मग पुढचं पान. श्रीधर कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला सगळं येतं?" मी म्हटलं, "जयवंतीचं सगळं येतं." त्या दिवशी ते जेवायला राहिले. आईनं भीतभीतच बोंबलाचं कालवण वाढलं. ते बोंबील जन्मात पहिल्यांदा खात होते, काटा आणि मांस वेगळं करता येत नव्हतं, तरी दोनदा मागून घेतलं. जाताना म्हणाले, "मी आठ दिवसांनी येतो. मला तुमच्या घराची फार मदत लागणार आहे."

ते आठ दिवस मी कसे काढले ते आता लिहिताना हसू येतं. चेहऱ्याला डाळीचं पीठ लावलं. विहिरीवरून येताना मी जयवंतीसारखी चालायला लागले, म्हणजे माझ्या कल्पनेतल्या, आणि आई म्हणाली, "पायात काटा गेलाय का?" मैत्रिणीला मी सांगूनही टाकलं की माझं जवळजवळ ठरलंय.

श्रीधर आले ते बरोबर एक कॅमेरामन आणि तिघं जण घेऊन. सुपारीच्या वाडीतलं एक बंद घर त्यांना मिळालं होतं, मालक मुंबईत असत. ओटीवर बसून ते अण्णांना म्हणाले, "मास्तर, मी त्या घरात शिरणारच नाही. कॅमेरा मागच्या अंगणात राहील. कादंबरीत जे घडतं ते सगळं आत घडेल, आपल्याला फक्त आवाज येतील. दिसेल ती गवतवाली."

"कुठली गवतवाली?" अण्णांनी विचारलं, पण त्यांचा हात चष्म्याकडे गेला होता.

"ती दीड पानाची. माझा सिनेमा तिचा आहे."

"एवढी मोठी कादंबरी, आणि तुम्हाला तेवढंच दिसलं?"

"मास्तर, मी ती पाच वेळा वाचली तोवर मला ती बाई दिसलीच नव्हती. मग माझीच लाज वाटली."

नेमकं त्याच वेळी मागून वहिनी आली. डोक्यावर सुपारीच्या सुकलेल्या झावळ्यांचा भारा. एरवी ती तो ओटीच्या कडेला टाकायची, पण तिथं आज पाहुण्यांच्या पेट्या होत्या. मग ती अंगणाच्या टोकाला थांबली. "ठेवू कुठं?" असं तिनं हळूच विचारलं, मोठी माणसं बोलतायत म्हणून पुन्हा विचारलं नाही. भारा डोक्यावर, एक हात वर, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत ती उभी राहिली. श्रीधर बोलायचे थांबले. कॅमेरामनही वळून बघायला लागला. मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते, आणि माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. कप मी तसेच आत नेले. चहा गार झाल्यावर आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, कोणाला नको होता.

अण्णांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, शालनला विचारा. वहिनी म्हणाली, "अन्ना सांगतील तसं," पण तिचे कान लाल झाले होते. दादा शनिवारी आला, हसला, म्हणाला, "बोलायचं न्हाय ना काही? मग जमंल तिला." आणि श्रीधरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुमन, तुमच्याशिवाय हे होणार नाही. तिला पुस्तक समजावून सांगायचं काम तुमचं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पंधरा दिवस ते काम चाललं. बघायला पहिल्या दिवशी अर्धं गाव आलं आणि दुपारपर्यंत कंटाळून परत गेलं, कारण घडतच काही नव्हतं. वहिनी भारा घेऊन यायची. उभी राहायची. सुपारीची सावली तिच्या पायापर्यंत पोचेपर्यंत सगळे थांबायचे. मग पुन्हा. मी त्या बंद घरात, मागच्या खिडकीशी सावलीला बसत असे. तिथून गजांमधून सगळं दिसायचं. कॅमेरा थांबला की एक जण तिच्या डोक्यावर छत्री धरायला धावायचा. माझ्या वहिनीच्या डोक्यावर छत्री! श्रीधर तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि ती मान हलवायची. जेवणाचा डबा घरून मी न्यायचे. "सुमन, तू जेवलीस का?" ती विचारायची, आणि मी न जेवता म्हणायचे, जेवले. माझ्यात तिच्यापेक्षा काय कमी होतं? पुस्तक मला येत होतं. भाषा मला येत होती. रात्री पुस्तकातलं समजावताना ती एवढंच विचारायची, "ती घरी गेल्यावर तिचं कोन व्हतं?" मी चिडून म्हणायचे, "पुस्तकात नाही ते."

अकराव्या दिवशी त्यांनी पाण्याचा प्रसंग घेतला. तांब्या धरणारा हात फक्त दिसणार होता. वहिनी ओंजळ करून वाकली, वरून पाणी आलं, ती प्यायली. श्रीधरांनी तो दहा वेळा घेतला. शेवटच्या वेळी ती प्यायली आणि तोंड न पुसता ओले हात तसेच धरून क्षणभर थांबली. कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेरामननं डोळे पुसले. आणि मला तिथं खिडकीत बसून असं वाटलं की माझ्या घरातली प्रत्येक गोष्ट हिनं घेतली, ओटी घेतली, अण्णा घेतले, आणि आता माझं पुस्तकही.

मी तिच्या आधी घरी आले. अण्णा चहा पीत होते. मी म्हटलं, "आज वहिनीला वरून पाणी पाजलं. दहादा." एवढं खरं होतं. अण्णांनी मान खाली घातली, म्हणाले, "पुस्तकात आहे ते." मग मी म्हणाले, "लोक हसत होते, अण्णा. म्हणत होते, मास्तरांच्या सुनेनं जुनं काम पुन्हा धरलं."

कोणी तसं म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी वाटेत, वाडीच्या बांधावरून चालता चालता, तयार केलं होतं. मला वाटलं होतं अण्णा रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. कप खाली ठेवताना बशीवर नीट बसला नाही. वहिनी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शालन, उद्यापासून जायचं नाही. लोक हसतात." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, परातीत पीठ घेतलं आणि भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकऱ्या अगदी गोल झाल्या होत्या, ते मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी श्रीधरांकडे जाऊन म्हटलं, वहिनी येणार नाही, मी करते. त्यांचे चार-पाच प्रसंग राहिले होते, लांबून घ्यायचे. त्यांनी नाइलाजानं मला भारा दिला. दोन दिवस मी ते केलं. मान मोडून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कॅमेरा बंद करायला सांगितला आणि माझ्याजवळ येऊन बसले. "सुमन, राग मानू नका. तुम्ही भारा घेऊन उभ्या राहता तेव्हा तुम्ही कशा दिसताय याचा विचार करता. ती भारा कुठं ठेवायचा याचा विचार करत होती." मी मान डोलावली. घरी येईपर्यंत रडले नाही, एवढं एक श्रेय मी स्वतःला देते.

त्याच संध्याकाळी वहिनी रोजच्यासारखी ओटीवर बसली. तिनं पेटीतून अण्णांचं पुस्तक काढलं. रोज ती जिथं सोडायची तिथली खूण तिनं काढली आणि पुढची बरीच पानं उलटली. मी आत चुलीशी होते. ती वाचायला लागली आणि दुसऱ्याच शब्दाला मला कळलं, कुठलं पान आहे ते.

"ते राहू दे, शालन," अण्णा म्हणाले.

"तुमीच म्हनलाव, मधलं सोडायचं न्हाय." आणि ती वाचत राहिली. गवताचा भा-रा. मागच्या अं-ग-णात. एकेक अक्षर लावत. मी तेच दीड पान मिनिटाभरात वाचलं होतं. तिला ते वाचायला इतका वेळ लागला की आईची चूल विझत आली. ती बाई अंगणात यायला वेळ लागला, उभी राहायला वेळ लागला, पाणी प्यायला त्याहून जास्त. अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. ओंजळ हा शब्द तिला येईना. तीन वेळा अडखळली. तेव्हा अण्णांनीच, डोळे न उघडता, तो सांगितला.

वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं. "अन्ना, हिला नाव न्हाय. कुनी इचारलंच न्हाय तिला. मी तिथं हुबी ऱ्हाते तवा मला आजींचं वाटतं, सासूबाईंनी सांगितलंय मला. मला लाज न्हाय वाटत." मग म्हणाली, "आनि कुनी हसलं न्हाय. एक मानूस हसला न्हाय. हसला असंल तर त्याचं नाव सांगा."

ती आत माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर मी कदाचित काहीतरी ठोकून दिलं असतं. मी पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "मी खोटं बोलले."

अण्णांनी मला काही विचारलं नाही. का, असंही नाही. ते उठले आणि वहिनीसमोर उभे राहिले. सासरा सुनेपुढं असा उभा राहिलेला मी आमच्या वाडीत कधी पाहिला नव्हता. "शालन, माझं चुकलं," ते म्हणाले. "उद्या जा. मी येतो बरोबर." आणि आज एवढ्या वर्षांनी लिहिते आहे म्हणून हेही लिहिते: शरमेनं मेल्यासारखं झालेलं असतानाही माझ्या मनात आलं, अण्णांनी माझी माफी कधी मागितली नाही. मत्सराला कुठं थांबायचं ते कळत नाही. मला अजूनही तो अधूनमधून ओळख देतो. वहिनीच्या नातीनं मध्यंतरी मला फोनवर दाखवलं, परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात त्या सिनेमावर कोणी प्रबंध लिहिलाय, त्यात शालनवहिनीच्या उभं राहण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. छान, मी म्हटलं, आणि चष्मा सापडत नाही असं सांगून फोन परत दिला.

अण्णा दुसऱ्या दिवशी वहिनीबरोबर तिथं गेले. स्टुलावर बसून त्यांनी दिवसभर सगळं पाहिलं. संध्याकाळी श्रीधरांना म्हणाले, "माझी आई भारा उजव्या बाजूला कलता धरायची." तेव्हापासून वहिनीनं तसा धरला.

सिनेमा पुरा व्हायला दीड वर्ष लागलं. श्रीधरांनी अलिबागच्या टॉकीजमध्ये एका रविवारी सकाळी आमच्यासाठी खेळ लावला. बुद्धवाडीतले सगळे आले होते, नवे कपडे घालून. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा कोणीतरी विचारलं, सुरू झाला का. आतून भांडणांचे, रडण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते, आणि पडद्यावर वहिनी अंगणात उभी होती. पुढच्या रांगेतली माणसं हळूहळू चहाला उठून गेली. आई रडत होती. दादा ताठ बसला होता, हलला तर कोणीतरी ओरडेल अशासारखा. अण्णांचा चष्मा त्यांच्या मांडीवर होता. ते तसेच, न दिसणारं, बघत होते. मी माझ्या दोन दिवसांच्या कामातला एखादा तुकडा तरी दिसेल म्हणून बघत होते. एकही नव्हता.

मग पाण्याचा प्रसंग आला. वहिनी वाकली, वरून पाणी आलं, ती प्यायली, ओले हात तसेच धरून थांबली. आणि पूर्ण सिनेमात पहिल्यांदाच कॅमेरा वळला आणि त्या घराकडे बघायला लागला. खिडकीच्या गजांमागे एक चेहरा होता. तरुण बाई, कपाळ गजाला टेकवलेलं, ओठ घट्ट मिटलेले. ती अंगणातल्या बाईकडे अशी बघत होती, जणू घरात सगळं असून तिच्याकडे काही नाही. जयवंती. सिनेमात ती तेवढीच दिसली, आठ-दहा सेकंद.

तो माझा चेहरा होता. तो कधी टिपला ते मला कळलंही नव्हतं. मला वाटलं, आता सगळं टॉकीज वळून माझ्याकडे बघेल. कोणी वळलं नाही. फक्त वहिनी, माझ्या शेजारी बसलेली, माझ्या कानाशी वाकली. तिचा आवाज खरोखर आनंदलेला होता.

"सुमन, काय दिसतेस गं! एवढं कोनाकडं बघत व्हतीस?"

पडद्यावर मी अजून होते. मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्याकडे," मी म्हणाले.